विंचू, लाल पट्टी आणि अश्वशक्तीचा हिशेब

२०१५ साली अबार्थचा विंचू भारतात दोन वेगवेगळ्या गाड्यांच्या नाकावर बसून आला. ऑगस्टमध्ये आली अबार्थ ५९५ कॉम्पेटिझिओने. गोलमटोल, देखणी, दोन दारांची, चौघांपुरती, १.४ लिटरचे टर्बो इंजिन, १६० अश्वशक्ती, एक्स-शोरूम किंमत २९ लाख ८५ हजार. ऑक्टोबरमध्ये आली अबार्थ पुंटो. तिला प्रवाशांसाठी चार दारे, आत पाचांची सोय, इंजिन त्याच घराण्यातले १.४ लिटरचे टर्बो, १४५ अश्वशक्ती आणि किंमत ९ लाख ९५ हजार. पहिली पोलंडच्या कारखान्यातून जहाजाने आलेली, दुसरी पुण्याशेजारी रांजणगावात बांधलेली.

पंधरा अश्वशक्तींसाठी वीस लाख रुपये! कागदावर हा निव्वळ वेडेपणा आहे. तरीही त्या वेळच्या शोरूममध्ये ५९५भोवती घुटमळणाऱ्यांना वेडे म्हणता येत नाही, कारण ती गाडी उभ्या उभ्या मन जिंकत होती. पुंटोला तसे करायला आधी धावावे लागे. लहान, चपळ, जोरकस गाडी घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकासमोर थोड्याफार फरकाने हाच पेच येतो. डोळ्यांना सुखावणाऱ्या गोष्टींसाठी किती मोजायचे आणि रस्त्यावर कामाला येणाऱ्यांसाठी किती?

या उदाहरणात आणखी एक तिसरा वाटेकरी होता, तो म्हणजे सरकार. तयार अवस्थेत आयात होणाऱ्या गाडीवर तेव्हा किमान ६० टक्के सीमाशुल्क होते, वर इतर कर. म्हणजे ५९५च्या किमतीतला मोठा हिस्सा देखणेपणालाही गेला नाही आणि वेगालाही नाही. ग्राहकाला मात्र तो वेगळा दिसत नाही. 'महाग आहे, म्हणजे काहीतरी असणार' असे म्हणून तो समजूत घालून घेतो.

गंमत अशी, की अबार्थ या नावाचा पायाच साध्या गाडीत दम भरण्याच्या धंद्यावर उभा आहे. कार्लो अबार्थने १९४९ मध्ये इटलीत कंपनी काढली, स्वतःच्या वृश्चिक राशीवरून विंचवाचे चिन्ह घेतले आणि छोट्या फियाट गाड्यांसाठी सायलेन्सर व इतर सामान विकून नाव कमावले. सर्वसामान्य माणसाची गाडी थोड्या पैशांत जास्त पळावी, जास्त गुरगुरावी, हा त्याचा माल. त्या न्यायाने विंचवाचा खरा वारस रांजणगावचाच म्हणायला हवा.

लहान घरगुती गाडीत जोरदार इंजिन बसवण्याची कल्पना त्याहून पुढे नेली ब्रिटिश मिनीने. मूळ मिनीचे इंजिन ८४८ सीसीचे आणि ३४ अश्वशक्तीचे. रेसिंग गाड्या बांधणाऱ्या जॉन कूपरच्या आग्रहावरून १९६१ मध्ये आलेल्या मिनी कूपरमध्ये ते ९९७ सीसी आणि ५५ अश्वशक्तीवर गेले. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले. बाहेरून फरक फार थोडा होता, तरी १९६४ मध्ये या घराण्यातल्या गाडीने माँटे कार्लो रॅली जिंकली.

मात्र या प्रकाराचे घराघरांत पोचलेले रूप म्हणजे फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय. १९७५ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ती दाखवली गेली आणि १९७६ मध्ये विक्रीला आली. १.६ लिटरचे इंजिन, ११० अश्वशक्ती आणि वजन जेमतेम आठशे किलोंच्या घरात. कंपनीचा अंदाज होता पाच हजार गाड्यांचा. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या. तिची ओळख बनली ती तीन स्वस्त गोष्टींनी: समोरच्या जाळीभोवतीची लाल पट्टी, चौकडीच्या कापडाच्या सीट आणि गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ. यातल्या सीट आणि मूठ गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या डिझायनर बाईंच्या कल्पनेतून आल्या. या तिन्ही गोष्टींनी गाडीचा वेग तसूभरही वाढत नव्हता. पण पट्टीमागचे इंजिन खरे होते, म्हणून पट्टीला किंमत आली. पुढे जगभरच्या कंपन्यांनी लाल पट्टी तेवढी उचलली. आज साध्या इंजिनाच्या गाडीवरही लाल शिवण, लाल कॅलिपर आणि 'स्पोर्ट' हा बिल्ला सर्रास दिसतो, तो याच उधारीवर.

आता रूपाची एकेक गोष्ट पारखून पाहू.

डिकीच्या वरचा पंखा म्हणजे स्पॉयलर. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २०० किलोमीटरला जो परिणाम मिळतो, त्याचा सोळावा हिस्सा ताशी ५० ला उरतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींची कमाल मर्यादा १०० आहे, घाटात त्याहून बरीच कमी. तेव्हा कायद्यात राहून चालवणाऱ्याच्या लेखी तो पंखा शोभेचाच. बोनेटवरच्या पट्ट्यांबद्दल वेगळे बोलायला नको.

चाकांचे तसे नाही. मोठी अ‍ॅलॉय व्हील आणि पातळ बाजूचे टायर दिसतात उत्तम, वळणावर ठामही वाटतात. पण टायरची बाजू जितकी पातळ, तितकी खड्ड्याचा आघात पचवायला हवा कमी. पावसाळ्यानंतरच्या ताम्हिणी किंवा आंबोलीच्या रस्त्यावर एका खड्ड्यात टायरला फुगा येतो आणि रिमही वाकते. शिवाय चाक जड असेल, तर ते वर-खाली नाचताना सस्पेन्शनला आवरणे कठीण जाते आणि इंजिनालाही ते फिरवायला जास्त कष्ट पडतात. म्हणजे दिसायला वेगवान असलेले चाक गाडीला प्रत्यक्षात मंद करू शकते. अबार्थ पुंटोची तळाची उंची अवघी १५५ मिलिमीटर होती. रूप आणि पकड दोन्हींसाठी ते योग्यच, फक्त घरासमोरच्या गतिरोधकाला ते मान्य हवे.

याउलट टायरच्या रबराचा दर्जा कुणी कौतुकाने बघत नाही. गाडी कितीही मोठी असो, रस्त्याला टेकलेले असतात तळहाताएवढे चार तुकडे. वेग घेणे, वळणे, थांबणे, सारे तेवढ्यावर. ब्रेकचेही तेच. गाडीतली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढत असल्याने ताशी ७० वरून थांबण्यापेक्षा १०० वरून थांबताना ब्रेकला दुप्पट ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. लांब घाट उतरताना तर ही उष्णता साठत जाते. म्हणून मागच्या चाकांना डिस्क असणे ही जोरदार गाडीत खरी कमाई आहे. अ‍ॅलॉयच्या आड ती कुणाला दिसत नाही, हा तिचा एकमेव दोष.

आवाजाच्या बाबतीत तर कंपन्यांनी कमालच केली आहे. गोल्फ जीटीआयच्याच काही पिढ्यांत पुढच्या काचेखाली एक छोटे यंत्र बसवलेले असे. इंजिनाचा गुरगुराट केबिनमध्ये वाढवून ऐकवणे एवढेच त्याचे काम. चांगली खरीखुरी गाडी, तरी तिला ही मदत लागली.

भारतात या साऱ्याला एक देशी मर्यादा आहे आणि ती अभियंत्यांनी नव्हे, करखात्याने आखलेली आहे. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, तर गाडी 'लहान', कर कमी. यातली एकही अट ओलांडली की कर एकदम वर. अबार्थ पुंटोची लांबी चार मीटरच्या आत होती, पण इंजिन १३६८ सीसीचे, त्यामुळे तिच्यावर लहान गाडीच्या जवळजवळ दुप्पट दराने उत्पादनशुल्क बसले. तरीही ती दहा लाखांच्या आत आली, हे विशेष. सुझुकीची स्विफ्ट स्पोर्ट १.४ लिटर टर्बो, १४० अश्वशक्ती आणि ९७० किलो वजन घेऊन जपानसह अनेक देशांत विकली गेली. ज्या देशात स्विफ्ट गल्लोगल्ली दिसते तिथे मात्र ती आलीच नाही. इंजिन करसवलतीच्या बाहेरचे. ते आणून किंमत जमवायची कशी, हा प्रश्न सोपा नव्हता.

या चौकटीत राहून जे करता आले, त्यातला सर्वांत प्रामाणिक प्रयत्न मारुतीचा. मार्च २०१७ मध्ये बलेनो आरएस आली: ९९८ सीसीचे बूस्टरजेट टर्बो, १०२ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, वजन साडेनऊशे किलो, किंमत ८ लाख ६९ हजार. सगळे पैसे जिथे लागायला हवेत तिथे लागलेले. पण बंपर आणि काळ्या अ‍ॅलॉयपलीकडे ती शेजाऱ्याच्या साध्या बलेनोसारखीच दिसे. ग्राहकांनी पाठ फिरवली. २०१९ मध्ये किंमत एक लाखाने उतरवूनही उपयोग झाला नाही आणि २०२० च्या सुरुवातीला ती बंद झाली. पुढे २०२३ मध्ये बलेनोच्याच पायावर बेतलेली, उंच बोनेटची, एसयूव्हीच्या थाटाची फ्राँक्स आली आणि तिच्या वरच्या प्रकारांत हेच बूस्टरजेट पुन्हा बसवले गेले. फ्राँक्स धडाक्याने खपली. तेच इंजिन, अंगरखा बदललेला. बाजार काय मागतो ते यातून कंपन्यांना कळले नसते तरच नवल.

टाटा मोटर्सने कोइंबतूरच्या जयेम ऑटोमोटिव्हबरोबर भागीदारी करून ऑक्टोबर २०१८ मध्ये टियागो जेटीपी आणली. १.२ लिटर टर्बो, ११४ अश्वशक्ती, बदललेले सस्पेन्शन, रुंद टायर आणि किंमत ६ लाख ३९ हजार! बोनेटवर हवा घेणाऱ्या खाचाही होत्या. इतक्या कमी पैशांत इतकी पळणारी नवी गाडी त्यानंतर भारतात कुणी दिली नाही. बीएस-६ प्रदूषण नियमांच्या उंबरठ्यावर तीही गेली.

मग आली ह्युंदाई, बाजाराचा धडा नीट गिरवून. सप्टेंबर २०२१ मधल्या आय-२० एन लाइनचे इंजिन साध्या आय-२० टर्बोचेच, १२० अश्वशक्तींचे; एकही जास्त नाही. बदलले ते सस्पेन्शन, स्टिअरिंगचा वजनदारपणा, सायलेन्सरचा आवाज, मागे डिस्क ब्रेक आणि अर्थातच बंपर, पट्ट्या, लाल शिवण. युरोपात 'एन' अक्षर एकटे असते तेव्हा गोष्ट वेगळी असते. तिथल्या आय-२० एनमध्ये १.६ लिटरचे २०४ अश्वशक्तींचे इंजिन होते. 'लाइन' हा शब्द जोडला की ८४ अश्वशक्ती गळतात, हे शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही. सुरुवातीला तिच्यात क्लचचे पेडल असलेला गिअरबॉक्सही नव्हता. क्लचविना गिअर टाकायचा आयएमटी नाही तर ऑटोमॅटिक, इतकेच पर्याय. चालवण्याच्या आनंदासाठी म्हणून विकलेल्या गाडीत डाव्या पायाला सुट्टी! २०२३ च्या नव्या रूपात सहा गिअरचा खरा मॅन्युअल आला, तेव्हा कुठे ती चूक सुधारली. तरीही एन लाइनवर 'नुसती शोभा' असा शिक्का मारणे अन्यायाचे ठरेल. सस्पेन्शन आणि ब्रेक हे दिखाऊ खर्च नव्हेत. रूप आणि गुण एकाच पाकिटात घालून विकण्याची युक्ती तिने साधली, म्हणून ती टिकली आणि बलेनो आरएस टिकली नाही.

किमतीला अश्वशक्तीने भागून पाहिले, तर चित्र बरेच स्वच्छ होते. प्रत्येक गाडीच्या भारतात येतानाच्या एक्स-शोरूम किमतीवरून टियागो जेटीपीची एक अश्वशक्ती सुमारे ५,६०० रुपयांना पडली. अबार्थ पुंटोची ६,९००. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयची (२०१३, १०५ अश्वशक्ती, ७ लाख ९९ हजार) ७,६००. टाटाच्या अल्ट्रोझ रेसरची (२०२४, १२० अश्वशक्ती, ९ लाख ४९ हजार) ७,९००. एन लाइनची ८,२००, बलेनो आरएसची ८,५००. आयात केलेल्या पोलो जीटीआयची १३,५००, अबार्थ ५९५ची १८,७०० आणि मे २०२५ मध्ये ५२ लाख ९९ हजारांना आलेल्या, २६५ अश्वशक्तींच्या गोल्फ जीटीआयची जवळजवळ २०,०००. वर्षे वेगळी, महागाई वेगळी, तरी बांधणी भारतात की बाहेर ही दरी लपत नाही.

मात्र या भागाकारावर आंधळा विश्वास टाकू नये. पोलो जीटी टीएसआय घ्या. चाकणच्या कारखान्यातली ही गाडी दिसायला साध्या पोलोपेक्षा फारशी वेगळी नव्हती, पण १.२ लिटर टर्बो आणि सात गिअरच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समुळे तिचे घाटातले चालणे आजही वाखाणले जाते. तोच डीएसजी तिचा नाजूक भागही होता. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या याच सात-गिअरच्या पेटीतले तेल बदलण्यासाठी माघारी बोलावल्या होत्या. उष्ण हवामानात त्या तेलामुळे बिघाड होऊ शकत होता. वॉरंटी संपलेल्या जुन्या गाडीत त्या पेटीचे दुरुस्तीचे बिल घरातल्यांना समजावून सांगणे अवघड असते. अबार्थ पुंटोची गोष्टही अशीच. ती बनवणाऱ्या फियाटने भारतातल्या गाड्यांचे दुकान आवरल्यावर सुट्या भागांसाठी मालकांना ओळखीपाळखी शोधाव्या लागतात. अश्वशक्तीमागे ६,९०० रुपये हा आकडा तेव्हा तितकासा स्वस्त वाटत नाही. आणि नुसत्या दुर्मीळतेच्या भरवशावर पैसे टाकणाऱ्यांनी पोलो जीटीआयकडे पाहावे. १९२ अश्वशक्तींची तीन दारांची ही गाडी २०१६ मध्ये २५ लाख ९९ हजारांना आली आणि पुढे कंपनीनेच तिची किंमत १९ लाख ९९ हजारांवर आणली. आधी घेणाऱ्यांचे सहा लाख एका जाहिरातीत उडाले.

मग रूपाला काही किंमतच नाही का? आहे, आणि भरपूर आहे. गाडी दिवसातले बावीस-तेवीस तास उभीच असते. पार्किंगमध्ये लावून चालू लागल्यावर मागे वळून पाहावेसे वाटले नाही, तर ती गाडी आवडती नव्हे, फक्त उपयोगाची. पुढे विकताना उठावदार रंगाची, नीटनेटकी गाडी लवकर जाते हेही खरे. फक्त रूपातही दोन जाती असतात. एक रूप गाडीच्या बांधणीतून येते: रुंद बसणी, बुटकेपणा, चाकांना चिकटलेली अंगलट. ते पुढे बदलता येत नाही, म्हणून ते पाहून घ्यावे. दुसरे चिकटवलेले असते: पट्ट्या, काळे छत, सायलेन्सरची खोटी तोंडे. ते नंतर कोणत्याही अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात बसवून मिळते, तेही कितीतरी स्वस्तात. या दुसऱ्या जातीसाठी कंपनीला साठ-सत्तर हजार जास्त मोजणे म्हणजे हौस नव्हे, गैरहिशेब आहे.

'साधी गाडी घेतो आणि बाकीचे बाहेरून करून घेतो' हा विचारही मनात येतो. इथे जपून. कंपनीच्या मूळ नोंदीपासून गाडी बदलता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेत स्पष्ट केले आहे. फटफटणारा सायलेन्सर आणि अंगाबाहेर आलेली चाके नाक्यावरच्या हवालदाराला सर्वांत आधी दिसतात. इंजिनाच्या संगणकात फेरफार केल्यास वॉरंटी जातेच, विम्याचा दावाही अडकू शकतो.

चालवण्याच्या खर्चात मात्र छोट्या टर्बोला एक अनपेक्षित फायदा आहे. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता शक्तीवर नव्हे, सीसीवर ठरतो. २०२२ पासूनच्या दरांत १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७. त्यामुळे ९९८ सीसीची, १२० अश्वशक्तींची एन लाइन एखाद्या साध्या १००० सीसी गाडीइतकाच हप्ता भरते, तर १२०० सीसीची ८०-९० अश्वशक्तींची शांत गाडी तिच्याहून जास्त. ब्रिटनमध्ये असे नसते. तिथे प्रत्येक मॉडेलचा विमागट वेगळा ठरतो. १९९० च्या आसपास चोऱ्या आणि अपघातांमुळे जोरकस हॅचबॅकचे हप्ते इतके भडकले, की तरुणांना गाडी परवडे आणि विमा परवडत नसे. महाराष्ट्रात नोंदणीचा कर मात्र किमतीच्या पायऱ्यांनी चढतो. पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, वीस लाखांपर्यंत १२. लाल शिवणीच्या वरच्या प्रकाराने दहा लाखांची रेघ ओलांडली, तर वाढीव टक्का सगळ्या किमतीवर बसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीत लहान पेट्रोल गाड्या १८ टक्क्यांवर आणि बाकीच्या ४० टक्क्यांवर गेल्यामुळे १२०० सीसीची रेघ आणखी जाड झाली आहे. १.४ लिटरची नवी पुंटो दहा लाखांत आणण्याचे धाडस आता कुणी करील असे दिसत नाही.

तेव्हा घेणाऱ्याने शोरूमच्या दिव्यांखाली गाडी पाहून ठरवू नये. टेस्ट ड्राइव्हला विक्रेता नेतो त्या गुळगुळीत फेरीऐवजी आपल्या रोजच्या, खड्ड्याखुड्ड्यांच्या रस्त्यावर ती न्यावी. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर खेचून पाहावी, मोकळ्या जागी एकदा कचकचून ब्रेक मारावा, मागच्या सीटवर घरातल्या मोठ्यांना बसवून त्यांची कंबर काय म्हणते ते ऐकावे. साध्या आणि 'स्पोर्ट' प्रकाराचे ऑन-रोड किमतीचे कागद शेजारी ठेवून फरकाच्या रकमेत ब्रेक, सस्पेन्शन, टायर आणि गिअरबॉक्स यांतले काय मिळते ते विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. या चारपैकी किमान दोन गोष्टी मिळत असतील तर जास्तीचे पैसे जरूर द्यावेत. एकही मिळत नसेल तर साधा प्रकार घ्यावा आणि वाचलेल्या पैशांतून चार चांगले टायर बसवावेत.